सोमवारी नेट जात नाही

त्याला सगळे सिग्नल म्हणत. खरं नाव होतं, पण ते बायकोच्या तोंडी फक्त रागावल्यावर येई, त्यामुळे ते कानावर पडलं की आज आपण काय केलं हेच त्याला आधी आठवावं लागे. विशीत असताना तो लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीचे अँटेने बसवायचा. वरून ओरडायचा, "आला का सिग्नल?" खालून "नाही" आलं की म्हणायचा, "येतोय, येतोय." पुढे अँटेने गेले, केबल आली, केबलही गेली आणि इंटरनेट आलं. तीस वर्षांत सगळी यंत्रं बदलली. "येतोय, येतोय" तेवढं तसंच राहिलं.

आता तो घरोघरी इंटरनेट पुरवायचा. एका मोठ्या पुरवठादाराकडून एक जाड लाइन घ्यायची, तिला बारीक बारीक फाटे फोडायचे आणि आसपासच्या बारा-पंधरा गल्ल्यांतल्या सहाशे घरांत पोचवायचे, असा हा धंदा. ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. दार इतकं बुटकं की आत येणाऱ्याला वाकावंच लागे. "गिऱ्हाईक कितीही तावातावानं आलं तरी आधी माझ्यासमोर वाकतं," तो म्हणायचा. "एवढा मान दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या मालकाला मिळतो?"

आपली खिल्ली आपणच आधी उडवली की दुसऱ्याच्या वाट्याला फारसं काही उरत नाही, हा शोध त्याला शाळेत लागला होता. शाळेत लागलेला तो एकमेव शोध.

धंद्यात त्याचा एकच वैरी होता. दोन चौक पलीकडे त्याच्याएवढाच, त्याच्याच वयाचा दुसरा नेटवाला. हा गडी पूर्वी गच्चीवर बसवायच्या डिश विकायचा, लोक डिशला छत्री म्हणायचे, म्हणून हाही छत्री. दोघांच्या वायरी त्याच खांबांवरून, त्याच खिळ्यांना लटकत जायच्या, आणि दहा वर्षांत दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. सिग्नलकडचं नेट गेलं आणि गिऱ्हाइकानं फोन केला की उत्तर ठरलेलं असे: "छत्रीनं वायर कापली असणार. आलोच मी." मग तो स्कूटरवर शिडी आडवी टाकून निघे, खांबाशी पोचे, वर चढून वायरींचं जंजाळ दोन्ही हातांनी गदगदा हलवी, आणि नेट येई. दरवेळी येई. लोक म्हणायचे, हातगुण आहे माणसाला. सिग्नललाही तसंच वाटायचं. एकदा तर त्यानं बायकोला आपले हात दाखवून सांगितलं होतं की हे हात शस्त्रक्रिया करायला जन्माला आले होते, चुकून खांबावर गेले.

"मग आधी स्वयंपाकघरातला नळ बघा," बायको म्हणाली होती. तो नळ आजही गळतो.

हे सगळं बरं चाललं होतं. मग पिवळी कंपनी आली.

तिला काही मोठं नाव होतं, पण गाड्या पिवळ्या, शर्ट पिवळे, पत्रकं पिवळी, म्हणून सगळ्यांनी तिला पिवळी करून टाकलं. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी चार गाड्या उभ्या राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक दाराच्या कडीत एक पत्रक अडकलेलं होतं. तीन महिने फुकट. राउटर फुकट. वेग सिग्नलच्या दहापट. सिग्नलच्या ऑफिसच्या दारातही एक पत्रक होतं. त्यानं ते उलटसुलट करून वाचलं आणि क्षणभर त्याला खरोखर वाटलं, घ्यायला काय हरकत आहे?

मग भानावर येऊन त्यानं ठरवलं: लढायचं. लढायचं कसं याची त्याला काही कल्पना नव्हती, पण ते त्याच्या आड कधीच आलं नव्हतं.

पहिला डाव नावांचा. त्याच्याकडे आतापर्यंत दोनच योजना होत्या, "साधी" आणि "जरा बरी". एका दुपारी बसून त्यानं त्यांची नावं "वादळ" आणि "महावादळ" अशी बदलली. आत सगळं तेच. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "तुमचं महावादळ लावल्यापासून आमच्याकडे पान हललं नाही हो."

दुसरा डाव ग्राहकसेवेचा. पिवळीला फोन केला की गोड आवाजात एक बाई बोलते, हे त्यानं ऐकलं होतं. त्यानं बायकोला गळ घातली. ती आधी नाही म्हणाली, मग स्वयंपाक करता करता त्याच्या मोबाइलसमोर एकदाचं बोलून मोकळी झाली. आता सिग्नलला फोन लावला की ऐकू यायचं: "आपला फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे. कृपया थांबा." त्यापाठोपाठ कुकरची शिट्टी, आणि मग तोच आवाज, जरा वरच्या पट्टीत: "अहो, गॅस बंद करा आधी!" ते काढून टाकायचं कसं हे सिग्नलला जमेना. लोक काम नसताना फोन लावून स्पीकरवर घरच्यांना ऐकवू लागले. धंद्याची इतकी जाहिरात त्याआधी कधी झाली नव्हती, पण तिच्यामुळे जोडणी मात्र कुणी घेतली नाही.

तिसरा डाव हेरगिरीचा, आणि तो त्याच्या अंगाशी आला.

शत्रूला हरवायचं तर शत्रूला आतून ओळखायला हवं, असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्यानं बायकोच्या नावानं, घरच्या पत्त्यावर, पिवळीची जोडणी मागवली. बायकोनं विचारलं, "शेजारी बघतील त्याचं काय?"

"अगं, गुपचूप बसवून घेऊ. पाच मिनिटांचं तर काम."

ठरल्या दिवशी सकाळी अकरा वाजता पिवळी गाडी त्याच्याच दारासमोर येऊन उभी राहिली. गल्ली अरुंद, गाडी रुंद. मागे तीन गाड्या अडकल्या, हॉर्न सुरू झाले, आणि काय झालं ते बघायला गल्लीतली झाडून सगळी माणसं खिडक्यांत आली. पिवळ्या शर्टातला माणूस आत आला. त्याला सिग्नल कोण हे ठाऊक नव्हतं. भिंतीवरचा सिग्नलचाच डबा, त्यातून निघालेल्या वायरी आणि त्यावर चिकटवलेली पट्टी बघून तो म्हणाला, "काका, हे कुठलं लोकल नेट घेतलंय तुम्ही?"

"आहे एक," सिग्नल म्हणाला.

"जोडणी बघा ना कशी केलीय. माकडानं केल्यासारखी."

"हो," सिग्नल म्हणाला. "फारच भिकार माणूस आहे तो."

दाराआड बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. जोडणी झाली. सिग्नलनं वेग मोजला, परत मोजला, जिन्यात जाऊन मोजला. पत्रकात लिहिलं होतं तितका नव्हता, पण त्याच्या महावादळाच्या सहापट होता. चित्र अडकत नव्हतं, आवाज तुटत नव्हता. तो पलंगाच्या कडेला बसला. शत्रूला आतून ओळखून झालं होतं. शत्रू चांगला होता.

तिकडे बातमी बाहेर पोचलीच होती. "अहो, खुद्द सिग्नलनं पिवळी घेतली!" यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र पिवळीला लाख खर्चूनही मिळालं नसतं. त्या आठवड्यात गिऱ्हाइकं घाऊक भावात गेली. काही भेटायला येऊन गेली, बिचारी, ओशाळल्यासारखी. एक जण म्हणाला, "तुम्हीच रस्ता दाखवलात." दोन महिन्यांत सहाशेची साडेतीनशे झाली. सिग्नल विनोद करत राहिला, पण जेवताना तो गप्प असे, आणि बायकोच्या ते लक्षात आलं होतं. तिनं त्याला एकदाही टोमणा मारला नाही. त्याला तेच जास्त लागलं.

अशात एके दिवशी शिंदीच्या झाडाजवळच्या इमारतीतून फोन आला. "मी बोलतेय. घरी ये."

नाव सांगायची गरज नव्हती. त्या त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, आणि आता त्या त्याच्या सगळ्यांत कडक गिऱ्हाईक होत्या. मुलगी परदेशी, तिच्याशी रोज बोलायचं, त्यामुळे नेट गेलं की पहिला फोन त्यांचा. सिग्नलनं ओळखलं, आता बाईही चालल्या. तो शर्ट बदलून गेला. पन्नाशीचा माणूस, पण त्यांच्या दारात उभा राहिला की त्याचे हात आपोआप मागे जात.

बाईंनी बस म्हटलं. समोर टेबलावर एक वही होती, दोनशे पानी, आखलेली.

"हे काय आहे?" सिग्नलनं विचारलं.

"तुझं प्रगतिपुस्तक," बाई म्हणाल्या. "तुझं नेट केव्हा गेलं, केव्हा आलं, आणि तू काय कारण सांगितलंस. दोन वर्षांची नोंद आहे. वाच."

तो वाचू लागला. कारणांच्या रकान्यात पानोपानी एकच मजकूर होता. छत्रीनं वायर कापली. छत्रीनं वायर कापली. मग एक उंदीर. मग पुन्हा छत्री. एका ठिकाणी "हवामान" असं लिहून पुढे बाईंच्या हस्ताक्षरात कंसात "आकाश निरभ्र" असा शेरा होता.

"बाई, तो माणूसच तसा आहे हो," सिग्नल म्हणाला.

"कारण नको वाचूस. वेळ वाच."

त्यानं वेळ वाचली. सकाळी साडेदहा. दुपारी चार. साडेदहा. साडेदहा. चार. कुठे पाच मिनिटं मागे, कुठे पुढे. पंधरा मिनिटांत परत येई.

"आता वार बघ."

त्यानं वार बघितले. मंगळवार होता, बुधवार होता, शनिवार, रविवारसुद्धा होता. त्यानं पानं उलटली. मागे गेला, पुढे आला.

"सोमवार नाही," तो म्हणाला.

"शाब्बास. दोन वर्षांत सोमवारी एकदाही नेट गेलेलं नाही. तुझा तो छत्री सोमवारी वायरी कापत नाही का? त्याला साप्ताहिक सुट्टी असते?"

"नाही हो. तो कसली सुट्टी घेतोय."

"मग सोमवारी सुट्टी कुणाला असते?"

सिग्नल पूर्वी फळ्यापुढे उभा राही तसाच उभा राहिला. सलून बंद असतं, तो मनात म्हणाला. चष्म्याचं दुकान. आणि...

"लाँड्री," तो म्हणाला.

बाईंच्या इमारतीकडे आणि पुढच्या सात गल्ल्यांकडे जाणारे सगळे फाटे ज्या डब्यातून निघत, तो डबा लाँड्रीच्या गच्चीवर होता. त्याला वीज लाँड्रीतूनच मिळायची. नऊ वर्षांपूर्वी सिग्नलनं लाँड्रीवाल्याशी बोलणी करून ती वायर स्वतःच्या, त्या शस्त्रक्रियेसाठी जन्मलेल्या हातांनी ओढली होती. सोबत एक बॅटरीही बसवली होती. ती कधीची मेली असणार. तिच्याकडे बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो तडक लाँड्रीत गेला. लाँड्रीवाला वाफेच्या इस्त्रीखाली चादर सरळ करत होता.

"तुझं ते मोठं यंत्र किती वाजता लावतोस रे?"

"धुलाईचं? सकाळी साडेदहाला एकदा, दुपारी चारला एकदा. का?"

"मी गच्चीवर जातो. हाक मारली की चालू कर."

तो वर गेला. डब्याचं झाकण उघडलं. आत हिरवे दिवे एकसारखे लुकलुकत होते. त्यानं खाली हाक मारली. खालून आधी एक घरघर आली, मग धाडकन आवाज होऊन यंत्रानं गती घेतली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळे हिरवे दिवे एकदम विझले. मग एक एक करून लाल पेटू लागले. यंत्र वीज ओढतं, डब्याला ती कमी पडते, डबा बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि सगळ्यांची नेटं परत जुळेपर्यंत पंधरा मिनिटं जातात. फोन आल्यावर स्कूटर काढून, शिडी बांधून खांबापर्यंत पोचायलाही त्याला बरोबर पंधरा मिनिटं लागायची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्यानं वायरी हलवल्या काय आणि नुसतं खांबाला मिठी मारून उभा राहिला काय, नेट येणारच होतं.

"झालं का?" खालून लाँड्रीवाला ओरडला. "काय होतंय वर?"

"काही नाही," सिग्नल म्हणाला. "नऊ वर्षं होतंय."

तो गच्चीवरच पाण्याच्या टाकीला टेकून बसला आणि हसू लागला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यानं लहानपणी पाठ केली होती. आपण अंगणालाच नऊ वर्षं शिव्या घालतोय हे त्याला आज कळलं. हसता हसता त्याला एक गोष्ट आठवली आणि हसू तिथेच थांबलं. छत्रीनं वायर कापली, असं धरून चालल्यामुळे सूड म्हणून सिग्नलनं छत्रीची वायर कापली होती. खरोखर, पक्कड घेऊन. चार वेळा.

संध्याकाळपर्यंत त्यानं नवी बॅटरी बसवली आणि डब्यासाठी वेगळी वायर ओढली. हे काम दोन तासांचं होतं. पुढच्या कामाला मात्र त्याला तीन दिवस लागले, कारण तो रोज छत्रीच्या दुकानापर्यंत जाई आणि समोरच्या औषधाच्या दुकानात शिरून डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत येई. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "घरात आता डोक्यापेक्षा गोळ्या जास्त झाल्यात. जा आणि बोला त्याच्याशी."

छत्री एकटाच बसला होता. त्याच्या दुकानातही पूर्वीची वर्दळ नव्हती. फळ्यावर खडूनं "आमच्याकडे वेग दुप्पट" असं लिहून पुसल्यासारखं दिसत होतं. सिग्नलला बघून तो उठलाही नाही.

"काय काम आहे?"

सिग्नलनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बाईंची वही, सोमवार, लाँड्री, डबा. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू माझी वायर कधीच कापली नाहीस. आणि मी तुझी चार वेळा कापली. ते सांगायला आलो."

छत्री त्याच्याकडे बघत राहिला. "चार?"

"चार."

"मी अकरा धरून चाललो होतो."

"नाही. चारच. शपथ."

"मग बाकीच्या सात?"

"तुझ्याकडेही एखादी लाँड्री असेल."

छत्रीनं टेबलावरची पक्कड इकडची तिकडे ठेवली, परत इकडे ठेवली. मग म्हणाला, "तू मघाशी म्हणालास, मी कधीच कापली नाही."

"हो."

"एकदा कापली होती. तीन वर्षांपूर्वी. खांबावर चढलो, तुझी वायर धरली आणि कचकन तोडली." त्यानं मान खाली घातली. "खाली उतरतो तोवर माझेच फोन वाजायला लागले. ती माझीच निघाली."

दोघंही हसले. आधी जरा चोरून, मग छत्रीला ठसका लागेपर्यंत. समोरचा औषधवाला काउंटरवरून वाकून बघू लागला. पाणी पिऊन झाल्यावर छत्रीनं विचारलं, "पिवळीनं तुझे किती नेले?"

"अडीचशे. त्यातला एक मी."

"तू कसा?" छत्रीनं विचारलं, आणि ती गोष्ट ऐकून पुन्हा पाणी प्यायला.

त्या दुपारी तासाभरात दोघांच्या डोक्यात एकदमच जी गोष्ट आली, ती दहा वर्षांपूर्वी यायला हरकत नव्हती. सिग्नलची जाड लाइन उत्तरेकडून येत होती, छत्रीची दक्षिणेकडून. दोन्ही मध्ये कुठेतरी जोडल्या तर एक बंद पडली की दुसरी काम करील. वेगात पिवळीला गाठणं त्यांच्या बापजन्मात शक्य नव्हतं. पण बंद पडायचं नाही, आणि पडलंच तर माणूस तासाच्या आत दारात उभा, एवढं दोघं मिळून जमण्यासारखं होतं. पिवळीकडे तक्रार केली की एक लांबलचक आकडा मिळतो आणि तीन दिवसांनी माणूस येतो, हे एव्हाना लोकांच्या अनुभवाला येऊ लागलं होतं.

जोडणीच्या दिवशी दोघं एकाच खांबाशी गेले. वर कोण चढणार यावरून बराच वेळ "तू चढ, तू चढ" चाललं, कारण दोघांचेही गुडघे आता पूर्वीचे राहिले नव्हते. शेवटी सिग्नल चढला आणि छत्रीनं खाली शिडी धरली. वरून सिग्नलला एकदा वाटलं, यानं आता हात सोडला तर? त्यानं खाली पाहिलं. छत्री शिडीला दोन्ही हातांनी असा बिलगला होता की जणू पडायची वेळ त्याचीच होती.

आनंदाची बातमी घेऊन सिग्नल बाईंकडे गेला. नवी व्यवस्था समजावून सांगितली, बॅटरी सांगितली, दोन लाइनी सांगितल्या. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान केलंस. पण मी पिवळी घेतली आहे. परवाच बसवून गेले."

सिग्नलचा चेहरा उतरला. "बाई, पण चूक तर तुम्हीच शोधून दिलीत."

"ती तुझ्यासाठी शोधली. मी त्यांना आधीच शब्द दिला होता," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, त्यांचं चांगलं आहे. मुलीचा चेहरा स्वच्छ दिसतो. तिला आता चष्मा लागलाय. तुझ्या नेटवर मला तो कधी दिसलाच नव्हता."

तो जायला निघाला तेव्हा बाईंनी वही त्याच्या हातात ठेवली. "पुढची पानं कोरी आहेत. आता तू लिही. कारणाच्या रकान्यात खरं लिहायचं. न समजल्यास समजलं नाही असं लिहायचं. तुला ते शाळेतही जमत नव्हतं."

त्यानं घरी जाऊन वही बायकोला दाखवली. बायकोनं ती वाचली, वाचता वाचता दोनदा हसली, आणि म्हणाली, "वहीत कशाला? गिऱ्हाइकांनाच कळवा की. तुमचा तो ग्रुप आहे ना मोबाइलवर."

दुसऱ्याच आठवड्यात तशी वेळ आली. सिग्नलनं अर्धा तास विचार केला, तीनदा "छत्री" असं लिहून खोडलं, आणि मग पाठवलं: "आज सव्वाबारा ते साडेबारा नेट बंद होतं. कारण: मी चुकीची वायर उपटली. आता बरोबर लावली आहे." आता लोक तोंडात शेण घालणार म्हणून त्यानं मोबाइल उशीखाली ठेवून दिला. संध्याकाळी काढला तर हशाच्या चिन्हांची रांग लागली होती. कुणीतरी लिहिलं होतं, "निदान माणूस तरी आहे पलीकडे." तो संदेश बायकांनी बहिणींना पाठवला, बहिणींनी जावांना, आणि पिवळीवर गेलेल्यांनीही वाचला.

म्हणून काही चमत्कार झाला नाही. फुकटचे तीन महिने संपल्यावर पिवळीतले काही परत आले, बरेचसे तिथेच राहिले, आणि ज्यांना दिवसभर जड जड चित्रपट बघायचे होते त्यांना सिग्नलनं स्वतःच सांगितलं की तुम्ही पिवळीच घ्या, मी वापरून बघितलीय. दोघांची मिळून आठशे घरं झाली आणि आकडा तिथे स्थिरावला. लोकांनी फोनवरची ती कुकरची शिट्टी काढू दिली नाही. बाई पिवळीवरच आहेत. राउटर या खोलीतून त्या खोलीत न्यायचा असला की मात्र त्या सिग्नललाच बोलावतात. पिवळीवाले तेवढ्यासाठी येत नाहीत, आणि सिग्नल शर्ट बदलून जातो.

छत्रीशी त्याचं अजूनही दिवसातून दोनदा वाजतं. कुठली वायर कुठून न्यायची, शिडी कुणाकडे राहिली, संदेश कुणी लिहायचा. शेवटी संदेशाची पाळी लावली: एक आठवडा याचा, एक आठवडा त्याचा. छत्रीची पहिली पाळी होती तेव्हा सिग्नल गच्चीवर डबा साफ करत होता आणि त्याच्या कोपराचा धक्का लागून सगळंच बंद पडलं. खाली उतरेपर्यंत आठशे घरांत संदेश पोचलाही होता. छत्रीला लिहायचा कंटाळा. त्यानं वेळ टाकली होती आणि पुढे दोनच शब्द: "कारण: भागीदार."